वेडर घालूनही पाय ओले आणि गार: गळती, घाम की माप?

गेल्या आठवड्यात शेजारच्या मळ्यातला एक जण भल्या पहाटे दारात उभा. काखेत गुंडाळलेला वेडर, पायात ओले मोजे. म्हणाला, "भाऊ, हाही फुटका निघाला. दुसरा आहे हा. पाण्यात अर्धा तास उभं राहिलं की मोजे पिळून पाणी काढावं लागतं." मी वेडर उलटा केला, आत हात घालून चाचपला, मग नाक लावलं. नदीच्या पाण्याचा वास नव्हता, माणसाचा होता. त्याला म्हटलं, "हा गळत नाही रे, तूच गळतोयस."

त्याला आधी राग आला, मग हसू आलं. पण हे मला फुकटात सुचलेलं नाही. तीन हिवाळे मी हाच घोळ घातला. एक वेडर न गळताच चिकटवून चिकटवून खराब केला, दुसरा महागडा घेऊन पाय आणखी गार करून घेतले. तेव्हा ज्यांना दरवर्षी डिसेंबर उजाडला की हाच त्रास होतो, त्यांच्यासाठी हे सगळं एकदा लिहून टाकतो.

ज्यांनी वेडर पाहिला नाही त्यांच्यासाठी: छातीपर्यंत येणारी जलरोधक पँट, खांद्यावर पट्टे, खाली बहुतेक वेळा गमबूट जोडलेले. आमच्याकडे मजूर त्याला सरळ 'छातीचा गमबूट' म्हणतात, आणि ते नाव मला जास्त आवडतं.

द्राक्षवाल्याला हे कशाला लागतं, असं नाशिकबाहेरचा माणूस विचारील. तर निफाड तालुक्यात थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो. नेमकं तेव्हाच बागेत मण्यांत पाणी उतरत असतं. अशा गारठ्यात मणी तडकतात, थॉमसन जातीच्या द्राक्षांत पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. मग आम्ही पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतो आणि ठिबक चालू करतो, कारण ओल्या जमिनीत ऊब जास्त वेळ टिकते. आणि बरोबर त्याच पहाटे कादवा नदीवरची मोटार पाणी ओढायची थांबते. फुटबॉलच्या जाळीला जलपर्णीची मुळं, शेवाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात. (मूळ शब्द फूट व्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची जाळीदार झडप, पण आमच्या भागात 'फुटबॉल अडकला' म्हटलं की कोणी मैदानाकडे पळत नाही.) वरून आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं की हा कचरा दुप्पट. कोणीतरी पाण्यात उतरायलाच हवं. नाना चाळीस वर्षं लंगोटावर उतरायचे आणि वर येऊन घोंगडीत शिरायचे. माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही.

आधी ठरवा: पाणी बाहेरून आलं की आतून?

सगळ्या समस्येचं मूळ इथं आहे. ओलं लागलं की आपण भोक शोधायला लागतो. पण बहुतेक वेळा भोक नसतंच.

उन्हाळ्यात माठातलं गार पाणी तांब्यात ओतलं की तांब्याला बाहेरून घाम येतो. वेडरमध्ये तेच उलट बाजूने होतं. आत तुमचं शरीर, गरम आणि दमट हवा. बाहेर गार पाणी. मध्ये रबराची किंवा पीव्हीसीची भिंत. ती भिंत गार पडली की आतल्या हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते आणि ओघळून बुटात साचते. त्यात तुम्ही बांधावरून अर्धा किलोमीटर वेडर घालूनच चालत आला असाल, खांद्यावर पान्याची पिशवी, हातात बॅटरी, मग तर पाण्यात पाऊल ठेवायच्या आधीच निम्मे मोजे भिजलेले असतात. पीव्हीसी आणि निओप्रीन (बुडबुड्यांचं जाड रबर) दोन्हींतून वाफ बाहेर जात नाही. कितीही महाग घ्या, जात नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही पाय सारखेच ओले, मांड्यांना आतून दमटपणा, पाठीला ओल, तर घाम. एकच पाय ओला, किंवा एकाच जागी डाग आणि तिथून खाली ओघळ, तर गळती. छाती आणि पोट ओलं, पण गुडघे कोरडे, तर तुम्ही वाकलात आणि पाणी वरून आत आलं. ह्या तिसऱ्या प्रकाराकडे कोणाचं लक्षच जात नाही. फुटबॉल काढायला माणूस वाकतो, वेडरचा वरचा काठ पाण्याला टेकतो, पेलाभर पाणी गुपचूप आत जातं. त्यावर उपाय वेडरमध्ये नाही. पाइपला दोर बांधून ठेवा आणि फुटबॉल वर ओढून घ्या, किंवा लांब दांड्याला आकडी लावून कचरा ओढा. मी आता पाइपला कायमचा नायलॉनचा दोर बांधून काठावरच्या बाभळीला अडकवून ठेवला आहे. निम्म्या वेळा पाण्यात उतरावंच लागत नाही.

तरी शंका राहिली तर दोन दिवसांची परीक्षा घ्या. पहिल्या दिवशी कोरडा वेडर आणि कोरडे मोजे घालून वीस मिनिटं नुसतं बांधावर चाला, पाण्यात जाऊ नका. काढून मोजे बघा. दुसऱ्या दिवशी वेडर हातात घेऊन काठापर्यंत जा, तिथं घाला आणि वीस मिनिटं मांडीइतक्या पाण्यात न हलता उभे राहा. पहिल्या दिवशी जास्त ओलं झालात तर वेडर निर्दोष आहे. माझ्या शेजाऱ्याने पहिलीच परीक्षा दिली आणि दुसरीची गरज उरली नाही.

खरंच गळत असेल तर

पातळ नायलॉन-पीव्हीसीचा वेडर असेल तर रात्री अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी सोडा आणि बाहेरून शिवणींवर नजर फिरवा. भोक ताऱ्यासारखं चमकतं. निओप्रीन जाड आणि काळं असल्याने तिथं हा उपाय चालत नाही. त्यासाठी पंक्चरवाल्याची रीत: वरचा भाग गुंडाळून घट्ट धरा, हवेने फुगवा (हवा भरायचा पंप किंवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची उलटी बाजू), आणि बाहेरून साबणाचं पाणी फासा. फेसात बुडबुडे दिसतील तिथं खडूने खूण. फुगवताना जोर करू नका, शिवण उसवेल. आत पाणी भरून बाहेर कुठं पाझरतं ते बघण्याचीही पद्धत आहे, पण ती गुडघ्यापर्यंतच करा. छातीपर्यंत भरलात तर शंभर लिटरच्या पुढे पाणी जातं आणि त्या वजनाने चांगल्या शिवणीही जातात. वाफ बाहेर सोडणाऱ्या पडद्याचा म्हणजे ब्रीदेबल वेडर असेल तर तो उलटा करून आतल्या बाजूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारतात. भोक असेल तिथं काळपट ठिपका उठतो.

चिकटवण्याबाबत माझं पाप सांगतो. पहिला वेडर पीव्हीसीचा होता. आमच्याकडे शेडमध्ये पाइप जोडायचं सोल्यूशन कायम पडलेलं असतं. पाइपही पीव्हीसी, वेडरही पीव्हीसी, मग लावा! लावलं. सुकल्यावर ते काचेसारखं कडक झालं आणि चौथ्या दिवशी गुडघा वाकवताना ठिगळाच्या कडेने नवीन चीर गेली. पाइप वाकत नाही, गुडघा वाकतो, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. त्या वर्षी मी अशी तीन ठिगळं मारली. गंमत म्हणजे मुळात गळती नव्हतीच, ती ह्या ठिगळांनी सुरू झाली.

मऊ पीव्हीसीला हवा भरायच्या पोहण्याच्या रिंगा, ताडपत्र्या वगैरे जोडायचा लवचिक व्हिनाइल गोंद लागतो. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ त्यावर धरत नाही. निओप्रीनला मोच्याकडचं पिवळट रबर सोल्यूशन चालतं, पण रीत पाळायची: भोकाची जागा पूर्ण कोरडी, स्पिरिटने पुसलेली, दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. घाईत ओल्या थरावर दाबलं की ते सुटणार. टाचणीएवढ्या भोकाला सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं युरेथेन सीलंट पुरतं.

ओलं नाही, तरी पाय गारठतात

इथं दुसऱ्या वेडरची गोष्ट. पहिल्याला कंटाळून भाच्याला सांगितलं, सगळ्यात उबदार मागव. तो म्हणाला, "मामा, पाच मिलिमीटरचा निओप्रीन आहे, बुटात हजार ग्रॅम इन्सुलेशन. बर्फात उभे राहाल." मागवला. बूट माझ्या रोजच्या मापाचा, नऊ नंबर. पहिल्या दिवशी मी त्यात लोकरीचे दोन जोड मोजे घातले आणि पाय कोंबला. पंधरा मिनिटांत बोटं बधिर. तिसरा मोजा चढवून बघितला, पाच मिनिटांत बधिर!

ऊब कापडात किंवा रबरात नसते, ती त्यांच्यात अडकलेल्या हवेत असते. निओप्रीन म्हणजे वायूचे बारीक बंद बुडबुडे असलेलं रबर. ते रबर डुपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालं, पण थंडी अडवतात ते त्यातले बुडबुडे. मोज्यातली लोकरही हवाच धरून ठेवते. बूट घट्ट झाला की हवा निघून जाते, वर पायाचं रक्ताभिसरणही दबतं. म्हणजे तिसरा मोजा घालून मी ऊब वाढवत नव्हतो, बाहेर काढत होतो.

त्यात पाणी आपलं काम वेगळं करतं. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० ग्रॅम असतो. वेडर घालून पाण्यात उतरलं की सगळ्या बाजूंनी कोणीतरी पाय आवळल्यासारखं वाटतं, ते हेच. घरात आरशासमोर सैल वाटणारा वेडर पाण्यात पायाला चिकटतो, आणि आतल्या पँटचा फुगीरपणा निम्मा होतो. म्हणून माप घेताना घरातल्या आरामावर जाऊ नका.

मापाची माझी आताची पद्धत अशी. जे कपडे आत घालणार ते सगळे घालूनच वेडर चढवायचा. मग उकिडवं बसायचं, अगदी बांधावर बसतो तसं. मांडीच्या सांध्यात ताण आला तर वेडर आखूड आहे, आणि तिथली शिवण पहिली जाणार. मग एक पाय खुर्चीवर ठेवायचा, तोही विनासायास गेला पाहिजे. उलट गुडघ्यामागे कापडाच्या दोन-तीन घड्या पडत असतील तर लांब आहे. त्या घड्या चालताना एकमेकींवर घासून भोक पाडतात. शेवटी बुटात बोटं हलवून बघायची. बोटांनी पियानो वाजवता आला पाहिजे, असं माझा एक मित्र म्हणतो, त्याने आयुष्यात पियानो पाहिलेला नाही. बूट एक नंबर मोठा घ्या. मात्र दोन नंबर मोठा घेतलात तर गाळात पाय अडकेल आणि बूट तिथंच राहील.

आमचा गाळ म्हणजे काळी माती. कादवा-गोदावरीच्या संगमाखाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं गाळ साचत आला. आमच्या काठालाही तीच जात. आधी काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. गुडघाभर काठी जात असेल तर तिथं उतरूच नका. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. टाच हलवून आधी बुटाखाली पाणी शिरू द्या, मग निघतो. तळव्याचं म्हणाल तर नमद्याचा (फेल्टचा) तळवा शेवाळलेल्या दगडावर छान धरतो, पण चिखलात घसरतो, आणि त्यात अडकलेली पाणवनस्पती दुसऱ्या पाण्यात जाते. आपल्याला खोल नक्षीचा रबरी तळवा बरा.

किती जाड घ्यायचा?

ह्यावर जाहिरातींचा फार गोंधळ आहे. पाच मिलिमीटर, साडेतीन मिलिमीटर, ६०० ग्रॅम, १२०० ग्रॅम. हे ग्रॅम बुटाचं वजन नव्हे. एक चौरस मीटर अस्तराचं वजन आहे. आकडा मोठा तितकं अस्तर जाड. हे सगळे आकडे जिथं बर्फाळ पाण्यात तासन्‌तास बसून बदकांची शिकार करतात, त्या देशांसाठी लिहिलेले आहेत. तिथं पाणी शून्याच्या जवळ असतं.

आपलं पाणी तसं नाही. गेल्या जानेवारीत मी साध्या थर्मामीटरने कादवेचं पाणी मोजलं, पहाटे साडेपाचला. हवा सहा अंश, पाणी सोळा. म्हणूनच तर थंडीत नदीवरून वाफ निघताना दिसते. आमची म्हातारी माणसं म्हणायची की थंडीत नदी गरम असते, ते उगाच नाही. आता सोळा अंशही कमी नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, तेव्हा उघड्या अंगाने माणूस अर्ध्या तासात कुडकुडतो. पण त्यासाठी पाच मिलिमीटरचं चिलखत लागत नाही.

आणि हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला: आपल्याकडे थंडी पाण्यात वाजत नाही, काठावर वाजते. पाण्यात असताना मी ठीक असायचो. वर आलो, मोटार चालू केली, पाणी ओढतेय का बघत दहा मिनिटं उभा राहिलो की दात वाजायला लागायचे. निओप्रीनच्या बाहेरच्या बाजूला विणलेलं कापड असतं. ते पाणी धरून ठेवतं. सहा अंशांची हवा आणि वारा लागला की ते पाणी उडायला लागतं आणि जाताना माझी ऊब घेऊन जातं. माठ पाणी गार करतो तीच युक्ती, फक्त इथं माठात मी. त्यावर वेडर घालूनच मोटारसायकलवर घरी येण्याचा पराक्रमही मी केला आहे. रस्त्यावर लोक बघत होते ते वेगळं, पण घरी पोचल्यावर किल्ली खिशातून काढायला हात वळत नव्हता.

त्यावर उपाय साधे आहेत. पाण्यातून वर आलं की ओल्या वेडरवरून हात फिरवून पाणी निथळवायचं आणि वर जुना रेनकोट चढवायचा, वारा अडवायला. लगेच घरी जायचं असेल तर वेडर काठावरच काढायचा. कोरडी लुंगी किंवा पँट, कोरडे मोजे आणि एक घोंगडी मोटारीच्या खोलीत कायम ठेवलेली असते. घोंगडी का? लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. धनगरांना हे आपल्याआधी किती पिढ्या माहीत आहे.

तर जाडीचं माझं मत असं. फुटबॉल काढणे, पाइप सरकवणे, गेटची फळी बसवणे अशी अर्ध्या तासाची, फारसं न चालता उभ्याने करायची कामं असतील तर साडेतीन मिलिमीटरचा निओप्रीन आणि बुटात ६०० ग्रॅमपर्यंत अस्तर. ह्यापेक्षा जास्त निफाडातही नको. पाच मिलिमीटर घेतलात तर चालताना घामाने भिजाल, आणि भिजलात की उभे राहिल्यावर गारठाल. माझा तो भाच्याने मागवलेला हजार ग्रॅमवाला आता शेडमध्ये टांगला आहे. एकदा बहिणीच्या मुलांनी तो घालून दिवाळीत राक्षस केला होता, तेवढाच काय तो उपयोग.

मत्स्यतळ्यात जाळं ओढणारे, किंवा ज्यांना काठाकाठाने बरंच चालावं लागतं, त्यांनी निओप्रीनच्या नादी लागू नये. त्यांना ब्रीदेबल वेडर बरा. त्यात स्वतःची ऊब जवळजवळ शून्य, पण वाफ बाहेर जाते आणि थंडीप्रमाणे आतले कपडे कमी-जास्त करता येतात. आत पातळ सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीसची पँट. फार थंडी नसेल तर फ्लीस काढून टाका. महाग आहे, काटे-कुंपणाला नाजूक आहे, आणि बाभळीच्या काट्याला तर फारच नाजूक. म्हणून मी घेतला नाही.

साधा पीव्हीसीचा वेडर वाईट आहे का? नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडकडे सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे गमबूट बघायला जाल तर तिथं विचारून बघा. वर्षातून चार-पाच वेळाच उतरायचं असेल तर एक नंबर सैल पीव्हीसी आणि आत लोकर, एवढ्यावर भागतं. थंडीत ते प्लॅस्टिक ताठरतं, म्हणून घालण्याआधी थोडा वेळ घरात ठेवा. चुलीजवळ नको.

आत काय घालू नये ते मात्र ठळक सांगतो: सुती काहीही नको. जीन्स तर मुळीच नको. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि अंगाला चिकटतं. मोजे आत एक पातळ सिंथेटिक, वर एक जाड लोकरीचा, एवढेच. आणि पँटचे पाय मोज्यात खोचा, नाहीतर वेडर चढवताना ते गुडघ्यापर्यंत गोळा होतात आणि मग दिवसभर शिव्या.

चहाबद्दल एक खाजगी सूचना. पाण्यात उभं राहिलं की लघवीला लवकर लागते; पाण्याच्या दाबाने पायातलं रक्त वर सरकतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. छातीपर्यंत वेडर, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट. चहा नंतर घ्या. समोर चेन असलेले वेडर मिळतात, पण ती चेन खरीच जलरोधक हवी, नाहीतर गळतीला नवीन दार.

पट्टा, लाईट आणि शेततळं

वेडरबरोबर कमरेचा पट्टा येतो, तो बहुतेक जण पिशवीतच ठेवतात. तो घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात पाऊल नको. तोल गेला तर पाणी कमरेच्या वरच अडतं आणि पायातली हवा टिकते. वेडरमध्ये पाणी भरलं की तो दगडासारखा खाली ओढतो अशी एक समजूत आहे. ती खरी नाही, पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पण भरलेला वेडर घेऊन चढावर येणं फार कठीण, आणि वाहत्या पाण्यात तो पालासारखा प्रवाह धरतो. म्हणून आवर्तन जोरात असताना मांडीच्या वर पाणी नको, आणि काठावर दुसरा माणूस हवाच. एकट्याने पहाटे उतरायचं नाही, हे मी घरी कबूल करून बसलो आहे.

मोटारीचं काम करताना स्टार्टर बंद करून भागत नाही. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते तेव्हा ती अचानक येते, आणि ऑटो स्विच लावलेला असला तर मोटार आपोआप चालू होते. तुम्ही पाण्यात, हात फुटबॉलवर. फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढून खिशात घाला. 'रबराचे बूट आहेत, शॉक बसत नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला पाण्यात पाठवू नका. छातीपर्यंत पाण्यात उभ्या माणसाचे हात ओलेच असतात.

आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात वेडर घालून उतरू नका. कितीही चांगला तळवा असो, शेवाळलेल्या ताडपत्रीच्या उतारावर तो धरत नाही, आणि बाहेर यायला हाताला काही लागत नाही. तिथं गाठी मारलेला दोर, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणि काठावरची दोन माणसं. शक्यतो पाइपच बाहेर ओढायचा.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला येणारे काही हौशी मित्र वेडर मागायला येतात, फोटोसाठी पाण्यात शिरायला. त्यांना देत नाही. ते अभयारण्य आहे, २०१९ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, परवानगीशिवाय पाण्यात उतरायचं नसतं. शिवाय एक माणूस पाण्यात शिरला की चक्रवाकांचा सगळा थवा उठून पलीकडे जातो, मग फोटो कशाचा काढणार? चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने सगळं दिसतं.

ठेवायचा कसा

घामाने ओला झालेला वेडर तसाच गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो घालताक्षणी पाय ओले होतात, आणि आपण परत म्हणतो, गळतोय. माझ्या शेजाऱ्याचं अर्धं दुखणं हेच निघालं. रोज संध्याकाळी तो काढून शेडच्या कोपऱ्यात टाकायचा.

काढल्यावर आतली बाजू बाहेर करून सावलीत वाळवा, मग सुलटा करून बाहेरून. बूट उलटे होत नाहीत; त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. ऊन नको, उन्हाने रबर आणि चिकटवलेल्या शिवणी दोन्ही म्हाताऱ्या होतात. घडी घालू नका, कायमच्या घडीवर निओप्रीनचे बुडबुडे दबतात आणि तिथली ऊब जाते. जुन्या वेडरचे गुडघे आणि बसायची जागा बोटांत धरून दाबून बघा. बाजूच्या भागापेक्षा पातळ लागली तर तो आता थंडी अडवणार नाही, पाणी मात्र अडवेल. वास येत असेल तर कोमट पाण्यात थोडी सौम्य साबणाची पावडर, बस. ब्लीच नको.

आणि बुटांना धरून उलटा टांगा, छतापासून तारेने, भिंतीला न टेकवता. माझ्या साडेतीन मिलिमीटरवाल्याला मागच्या पावसाळ्यात डाव्या मांडीवर रुपयाएवढं भोक पडलं होतं. काटा नव्हता, शिवण नव्हती. उंदराने कुरतडलं होतं. खिशात मनुक्यांचे चार दाणे राहिले होते.